सेवासदनाच्या संस्थापिका कै. रमाबाई रानडे

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. प्रस्तुत लेखक जन्मभर प्राथमिक शाळेत शिक्षक होता व त्याचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच आहे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. तथापि गतवर्षीच्या वार्षिक सभेतील एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लेखणी हाती धरली आहे. त्या सभेत आपल्या महिला शाखेने एक सूचना मांडली. ज्या घरी कोणी वृद्ध अंथरुणाला खिळलेले असेल, बाळंतीण असेल किंवा जन्मतः पंगू असे मूल असेल, त्या घरी आठवड्यातून ठराविक वेळी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा भार थोडा हलका करावा, असे एक सेवापथक काढण्याची ती सूचना होती. ती टाळ्यांच्या गजरात एकमताने संमत झाली. नंतर नावे नोंदविण्यासाठी वही फिरली, तेव्हा तीत सातच नावे आली. घरी परतताना मला कै. रमाबाई रानडे यांचे स्मरण झाले. त्या आपल्या ज्ञातीतील नव्हेत. परंतु अशी माणसे कोणा एका ज्ञातीची नसतातच. घरोघरीच्या सेवेला व्यवस्थेची जोड कशी द्यावी, हे महाराष्ट्राला त्यांनी शिकविले, म्हणून त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने सांगतो.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. पुढे १९१३ मध्ये कै. यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही याच गावी झाला, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. घराणे आचारसंपन्न व खाऊनपिऊन सुखी होते. परंतु मुलीच्या हाती पाटी-पुस्तक देण्याची चाल त्या काळी चांगल्या घरांतही नव्हती. शिकलेली स्त्री विधवा होते, असा समज तेव्हा दृढमूल होता. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत यमुनेला अक्षरओळखही झाली नाही. व्रते, देवपूजा, पाहुण्यांचा पाहुणचार व वडील मंडळींपुढे मान खाली घालून वावरणे, एवढेच काय ते तिचे शिक्षण. ते शिक्षण मात्र पुढे तिच्या उपयोगी पडले, हे विसरता कामा नये.

१८७३ च्या अखेरीस या यमुनेचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. या विवाहाची हकीगत चरित्रकाराने झाकून ठेवण्यासारखी नाही. माधवराव तेव्हा बत्तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन त्याच वर्षी झाले होते. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते आधारस्तंभ. तेव्हा आता ते स्वतः एखाद्या विधवेचे पाणिग्रहण करतील, अशी सुधारक मंडळींची साहजिकच अपेक्षा होती. वडिलांनी मात्र तातडीने मुलगी पाहिली व आपला शब्द मोडू नये असा आग्रह धरला. माधवराव पित्याच्या आज्ञेपुढे नमले. मित्रांनी त्यांना दोष दिला, विरोधकांनी उपहास केला. दोन्ही बोल त्यांनी निमूटपणे सोसले. सुधारकाच्या जीवनातील हे न्यून खरेच होते. ते भरून काढण्याचा मार्ग त्यांनी हाच निवडला की, घरी आलेल्या या अकरा वर्षांच्या मुलीला शिकवून शहाणे करावयाचे. विवाहानंतर थोड्याच दिवसांत माधवरावांनी स्वतः तिला अक्षरे गिरविण्यास बसविले. पुढे वाचन, गणित, इतिहास, भूगोल अशा क्रमाने अभ्यास चालू झाला व कालांतराने इंग्रजीचाही श्रीगणेशा झाला.

हा अभ्यास माडीवर चाले, आणि त्याचे प्रायश्चित्त खाली माजघरात भोगावे लागे. पुण्याच्या त्या घरात सावत्र सासूबाई, विधवा नणंद व इतर वडील स्त्रिया होत्या. त्यांनी तरी दुसरे काय पाहिले होते? सुनेने पुरुषासारखे पुस्तक वाचावे, तेही म्लेंच्छांच्या भाषेतले, ही गोष्ट त्यांना कुळाला बट्टा लावणारी वाटे. त्या टोमणे मारीत, अबोला धरीत. बाहेरून इंग्रजी शिकविण्यास बाई येऊ लागल्या, तेव्हा विटाळाचाही प्रश्न निघाला. रमाबाईंनी या सर्वांना कधी उलट उत्तर दिले नाही. घरातील नेमून दिलेली कामे टाळली नाहीत. इकडे पतीचा आग्रह अभ्यासाचा व सभांना जाण्याचा. एखादे वेळी वडील बायकांच्या धाकाने त्या सभेला जाण्याचे टाळीत, तेव्हा माधवराव रागे भरत नसत. ते नुसते मौन धरीत, आणि ते मौन रमाबाईंना माजघरातील सगळ्या टोमण्यांपेक्षा जड जाई. दोन्ही बाजूंनी असे ताणले जात असता त्यांनी कोणालाही तोडले नाही. आजच्या काळातील भगिनींना हे सोसणे अति वाटेल, आणि तसे वाटावे हेच योग्य होय. परंतु याच काळात एक ज्ञान त्यांच्या पदरी पडले. घरात अडकलेल्या स्त्रीला वेळ किती मिळतो, केव्हा मिळतो व कोणाच्या संमतीने मिळतो, हे त्यांना जेवढे कळले तेवढे बाहेरून सुधारणा सांगणाऱ्या कोणाही पुरुषाला कळले नव्हते.

माधवरावांच्या बदल्यांमुळे नाशिक, धुळे, मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. नाशिक येथे हायस्कुलातील एका समारंभात रमाबाई प्रथमच लोकांपुढे बोलण्यास उभ्या राहिल्या. ते भाषण माधवरावांनीच लिहून दिले होते. पुढे सरकारी कामासाठी उभयता कलकत्त्यास असता माधवरावांना वाटले की, आपण बंगाली शिकून पत्नीलाही ती भाषा शिकवावी. हजामत चालू असता न्हाव्यालाच अडलेल्या शब्दांचे उच्चार व अर्थ विचारून त्यांनी बंगाली वाचनाचा अभ्यास केला, ही गोष्ट रमाबाईंनी आपल्या आठवणींत मोठ्या गंमतीने नमूद केली आहे. उच्चपदस्थ न्यायाधीश न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसतो, हा प्रसंग वर्गात सांगताना माझ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर जे कौतुक उमटे, ते मला अजून आठवते. विद्या कोणाकडूनही घ्यावी व घेतलेली लगेच दुसऱ्याला द्यावी, हा धडा रमाबाईंनी तेथे घेतला.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. दर आठवड्याला स्त्रियांनी एकत्र जमावे, काही ऐकावे, काही बोलावे, ही गोष्ट पुण्यात तेव्हा अपूर्वच होती. रमाबाई रानडे त्या समाजात नेमाने जात. १८८४ मध्ये माधवराव रानडे, वामनराव मोडक, डॉ. रामकृष्णपंत भांडारकर प्रभृतींच्या खटपटीने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. हुजूरपागा या नावाने ते आजही सर्वांना परिचित आहे. या कामीही रमाबाई पतीबरोबर होत्या. स्त्रियांनी जाहीर सभेत इंग्रजीतून बोलावे याचा शहरात मोठा गवगवा झाला व घरातही त्याचे पडसाद उमटले. १८९३ साली माधवराव मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व बिऱ्हाड मुंबईस हलले. तेथे सुशिक्षित स्त्रियांच्या मंडळांतून रमाबाईंना कार्य करण्यास अवसर मिळाला. शिवण, प्रथमोपचार, वाचन असे साधे उपक्रम त्यांनी हाती घेतले. हीच पुढील मोठ्या कार्याची रंगीत तालीम ठरली.

माधवरावांच्या प्रकृतीला हृदयविकाराने ग्रासले, तेव्हा शुश्रूषेचा सारा भार रमाबाईंवर पडला. पथ्यपाणी, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणे आणि बाहेर कोणाला चिंता दिसू नये म्हणून हसतमुखाने वावरणे, हे सर्व त्यांनी केले. ज्यांच्या घरी दीर्घ दुखणे आहे त्यांना हा अनुभव काय असतो हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दुखणाइताची विचारपूस दहाजण करतात. शुश्रूषा करणाऱ्याला झोप मिळाली का, हे क्वचितच कोणी विचारतो. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवरावांचे देहावसान झाले. रमाबाईंचे वय तेव्हा एकोणचाळीस होण्यास काही दिवस कमी होते. पोटी अपत्य नव्हते. त्या पुण्यास परत आल्या व सुमारे एक वर्ष घराबाहेर पडल्या नाहीत. ज्यांच्या बोटाला धरून अक्षर शिकल्या तेच गेले, मग पुढे कशासाठी जगावयाचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असल्यास नवल नाही. उपलब्ध असलेला मार्ग सोपा होता. मोठ्या माणसाची विधवा म्हणून समाजाचा मान घेत, पोथ्या वाचीत, तीर्थयात्रा करीत उरलेले आयुष्य काढता आले असते, व त्याबद्दल कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

त्यांनी तसे केले नाही. दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर त्या हळूहळू बाहेर पडू लागल्या, आणि ज्यांच्याकडे कोणीच जात नाही अशा ठिकाणी गेल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटून त्या त्यांना धार्मिक कथा वाचून दाखवीत, त्यांची विचारपूस करीत. सुधारगृहातील मुलांना खाऊ नेत व त्यांच्याशी बोलत बसत. इस्पितळांतील रुग्णांकडे सणावारी फळे-फुले घेऊन जात. आळंदीच्या यात्रेत स्त्री यात्रेकरूंच्या मदतीसाठी त्यांनी स्वयंसेविकांचा गट नेला. गर्दीत हरवलेल्या म्हाताऱ्या, कडेवर मूल घेऊन ताटकळणाऱ्या बायाबापड्या यांना हात देणारे कोणी तेव्हा नव्हते. हे काम करण्यास घरंदाज स्त्रिया पुढे येतात, हे दृश्य लोकांनी तेथे पाहिले. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तेव्हा देशातील निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांशी त्यांचा परिचय झाला. परंतु सभा-परिषदांनी दुखणाइताचे अंथरूण झाडले जात नाही, हे त्या जाणून होत्या.

१९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल हे दोन थोर समाजसेवक एक योजना घेऊन रमाबाईंकडे आले. सर्व जातिधर्मांच्या स्त्रियांना एकत्र आणून त्यांना विद्या, हस्तव्यवसाय व रुग्णसेवा यांचे शिक्षण द्यावे, त्यांतील निराधारांना आश्रय द्यावा व शिकून तयार झालेल्या भगिनींनी इतरांची सेवा करावी, अशी ती योजना. मलबारी हे पारशी, दयाराम गिडुमल हे सिंधी व अध्यक्षा मराठी ब्राह्मण विधवा, अशा त्रिवेणी संगमातून मुंबईचे सेवासदन जन्मास आले. पुढील वर्षी, म्हणजे २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यास रमाबाईंनी आपल्या राहत्या वाड्यात सेवासदनाचे काम सुरू केले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांचे अखंड साहाय्य त्यांना लाभले. हिशेब, पत्रव्यवहार, वर्गणी गोळा करणे व सरकारदरबारी खेटे घालणे ही कामे देवधरांनी सांभाळली. घरोघरी जाऊन सासूसासऱ्यांची समजूत घालण्याचे काम रमाबाईंचे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये निघाले होते. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला होता. या दोन्ही संस्थांनी, ज्या स्त्रीला घरात थारा उरला नव्हता तिला आधार दिला. त्यांचे ऋण महाराष्ट्र कधी विसरणार नाही. परंतु जिचे घर आहे, घरात माणसे आहेत आणि म्हणूनच जिला श्वास घेण्यास सवड नाही, तिचे काय? रमाबाईंनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारी ठेवले. सकाळचा स्वयंपाक, जेवणे व उष्टीखरकटी आटोपल्यापासून दिवेलागणीच्या तयारीपर्यंतचा जो काळ, तोच काय तो तत्कालीन गृहिणीचा स्वतःचा. त्या दोन-तीन तासांत ती वाड्यात येई, लिहिणे-वाचणे व शिवण शिके, प्रथमोपचाराची माहिती घेई व चुलीच्या वेळेला घरी परत जाई. सासूला तक्रार करण्यास जागा उरत नसे. ज्या बाईने स्वतः माजघर व माडी यांच्या ओढाताणीत वर्षे काढली, तिलाच हे सुचणे शक्य होते. विवाहित, विधवा, परित्यक्ता, कुमारिका अशा सर्व प्रकारच्या स्त्रिया तेथे येऊ लागल्या. कित्येकींना संस्थेने शिष्यवृत्त्या देऊन शिकविले. परगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृह काढले. स्त्री शिक्षिका तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज चालविले.

सर्वांत बिकट काम होते ते परिचारिकांच्या शिक्षणाचे. आज परिचारिकेचा पांढरा पोशाख पाहून आपण आदराने बाजूला होतो. एकशे दहा-पंधरा वर्षांपूर्वी परिस्थिती निराळी होती. इस्पितळात परक्या माणसाचे अंग पुसणे, जखमा धुणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे ही कामे कुलीन स्त्रीने करावीत, ही कल्पनाच लोकांना असह्य होती. पांढरपेशा घरांतील विधवांनी उपासतापासांत झिजून मरावे, पण हे करू नये, असे म्हणणारे विद्वान पुण्यात कमी नव्हते. गंमत अशी की, हीच विधवा घरी सासऱ्याचे, दिराचे, नणंदेच्या बाळंतपणाचे तेच सर्व करीत होती व तेव्हा त्याला कोणी कमीपणा मानीत नव्हते. घरात केले तर धर्म, आणि शिकून, पगार घेऊन इस्पितळात केले तर अधर्म, असा हा न्याय होता. रमाबाईंनी वाद फार घातला नाही. त्यांनी ससून इस्पितळात सेवासदनाच्या विद्यार्थिनींच्या शिक्षणाची सोय केली, त्यांच्या राहण्याची वेगळी व सुरक्षित व्यवस्था केली, आणि प्रत्येकीच्या पालकांपुढे त्या स्वतः जामिनासारख्या उभ्या राहिल्या. आपली मुलगी रमाबाईंच्या नजरेखाली आहे, एवढ्या विश्वासावर कित्येक घरांचे दरवाजे उघडले. हळूहळू सुईणपण व परिचर्या शिकलेल्या स्त्रिया बाहेर पडू लागल्या. बाळंतपणात व अर्भकपणी दगावणाऱ्यांचे प्रमाण त्या काळी भयंकर होते. खोलीत कोंडलेला धूर, मळकी फडकी व न धुतलेले हात यांनी कितीतरी जीव जात. हात धुणे, नाळ कापण्याचे हत्यार उकळून घेणे, बाळंतिणीला स्वच्छ हवा देणे या साध्या गोष्टी ज्या घरी अशी शिकलेली सुईण गेली त्या घरी पोहोचल्या.

यातून रमाबाईंच्या कार्याचे मर्म दिसून येते. मायाळूपणा आपल्या घराघरांत आहे. तो त्यांना शिकवावा लागला नाही. सेवा ही शिकण्याची विद्या आहे, तिला ठराविक वेळ लागतो, जागा लागते, पैसा लागतो, आणि ती एकटीने नव्हे तर पाळीपाळीने करावयाची असते, हे त्यांनी संस्था उभारून दाखविले.

पुढील काळात संस्थेच्या शाखा अन्य गावी निघाल्या. १९१३ च्या सुमारास गुजरात व काठेवाडकडे दुष्काळ पडला असता त्यांनी तिकडील पीडितांच्या मदतीसाठी परिश्रम केले. १९१० साली त्यांचा आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आत्मचरित्रपर ग्रंथांत त्याचे स्थान मानाचे आहे. पुणे नगरपालिकेने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना मुलींना वगळू नये म्हणून १९२० च्या सुमारास मोठा वाद झाला. खर्च परवडत नाही, तेव्हा प्रथम मुलांचे पाहू, असे म्हणणाऱ्यांत वजनदार पुढारी होते. साठीच्या जवळ आलेल्या रमाबाई तेव्हा स्त्रियांना घेऊन रस्त्यावर उतरल्या व मिरवणूक काढली. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणूनही त्या झटल्या. १९२१ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलाने स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव संमत केला. लग्नात जिला आपले नाव लिहिता येत नव्हते, तिने हे सर्व आपल्या डोळ्यांनी पाहिले. १९२४ साली त्या निवर्तल्या. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. २०१२ साली दूरदर्शन संचावरील एका मराठी मालिकेमुळे त्यांचे नाव नव्या पिढीच्या घराघरांत पोहोचले. पुण्याच्या सेवासदनाने शंभरी ओलांडली असून ते आजही कार्य करीत आहे.

थोरांचे गुण गाताना उणिवांकडे डोळेझाक करू नये. सेवासदनाचे दार सर्वांना उघडे होते हे खरे. परंतु प्रारंभीच्या काळात त्यातून आत आलेल्या बहुतेक स्त्रिया पांढरपेशा वर्गातील होत्या. शेतात व गिरणीत राबणाऱ्या बाईला दुपारचीही सवड नव्हती. तसेच वडिलांच्या मर्जीने व घराच्या संमतीने पावले टाकण्याची रमाबाईंची रीत सर्वांना पटली असे नाही. ताराबाई शिंदे किंवा पंडिता रमाबाई यांच्या लेखणीची धार त्यांच्यापाशी नव्हती. पण तलवारीने होणारी कामे वेगळी व सुईने होणारी वेगळी. फाटलेले सांधण्याचे काम रमाबाईंचे होते आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले.

आता स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगतो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. माझी पत्नी अर्धांगवायूने सहा वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे सारे माझ्या सूनबाईने केले. मी चारचौघांत तिच्या सेवाभावाची स्तुती करीत असे. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात तिचा सत्कारही झाला. त्या सत्काराच्या रात्री ती स्वयंपाकघरात एकटीच रडत बसलेली मला दिसली. मी कारण विचारले. बऱ्याच वेळाने कळले की, तिची आई आजारी असताना चार महिन्यांत तिला एकदाही माहेरी जाता आले नव्हते. मी घरातच होतो, सेवानिवृत्त होतो, मला वेळच वेळ होता. आणि तरीही ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. शाल व नारळ घेऊन ती घरी आली, पण तिला हवी होती ती एक मोकळी दुपार. यानंतर आळीतील दोन भगिनी दर बुधवारी व शनिवारी दुपारी दोन ते पाच आमच्याकडे येऊन बसू लागल्या. कूस बदलून देणे, पाणी पाजणे, अंग पुसणे हे सर्व सूनबाईने त्यांना दाखविले. मीही त्यांच्याबरोबर शिकलो, हे सांगताना लाज वाटते व समाधानही वाटते. त्या दोघींपैकी एक आपल्या ज्ञातीची नव्हती. सूनबाई आईला भेटू शकली. पुढील वर्षी तिची आई गेली. त्या भेटी झाल्या नसत्या, तर तिच्या मनाला लागलेला सल आमच्या कोणत्या सत्काराने निघाला असता?

ज्ञातिबंधू व भगिनींनो, आपल्या मंडळाजवळ सभागृह आहे, भांडी आहेत, शिष्यवृत्तीचा निधी आहे. वधूवर मेळावे आपण उत्तम रीतीने पार पाडतो. मग जिथे एखादी लेकसून रात्रंदिवस एकटी झिजते आहे, तिथे आठवड्यातून एक दुपार देणारी माणसे आपल्यात सातच असावीत काय? सेवापथकासाठी फार मोठे काही नको. कोणत्या घरी गरज आहे याची यादी, कोणी कोणत्या वारी जावयाचे याचे पत्रक, आजाऱ्याला उचलावे-निजवावे कसे याचे एखाद्या जाणत्या परिचारिकेकडून चार दिवसांचे शिक्षण, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वाहनखर्चासाठी थोडी तरतूद, एवढे पुरे आहे. पुरुषांनीही वहीत नावे घालावीत. वृद्ध पुरुषाला उचलून बसविण्याचे काम तरी बायकांवर टाकू नये. आणि शेजारच्या घराची ज्ञात कोणती हे दारात उभे राहून विचारू नये. रमाबाईंच्या वाड्यात ते विचारले गेले नव्हते.

यंदाच्या सभेत ती वही पुन्हा फिरणार आहे. आठवे नाव प्रस्तुत लेखकाने घातलेले आहे. बुधवारची दुपार माझ्याकडे लिहावी, अशी कार्यवाहांना विनंती करून हा लेख येथेच पुरा करतो.